काउंटरच्या पलीकडून

मालकांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि बेकरीची व्हॅन दारात उभी राहिली, तिथून ही गोष्ट सुरू होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मालकांना समोर बघायला सांगून कडेला एक बोट धरलं आणि विचारलं, दिसतंय का. मालकांनी उलट विचारलं, कुठलं बोट? डॉक्टरांनी बोट खाली घेतलं आणि समजावून सांगितलं, की समोरचं तुम्हाला स्वच्छ दिसतं, पण कडेचं दिसणं गेलंय आणि ते काही परत यायचं नाही. थेंब नियमित घातलेत तर आहे तेवढं टिकेल. स्टिअरिंगला मात्र आजपासून हात लावायचा नाही.

मालकांनी थेंब घातले आणि तोंड मिटलं. एरवी हा माणूस पहाटे पाव भरून निघायचा तो दवाखान्याचं स्वयंपाकघर, मुलांचं हॉस्टेल, स्टेशनजवळचे चहावाले असं सगळं उरकून गावभरच्या बातम्या घेऊन परत यायचा. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, हॉस्टेलच्या वॉर्डनने कोणाला झापलं, सगळं न्याहारीच्या ताटावर हजर. आता ते दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून पुसलेल्या बरण्या पुन्हा पुसत बसायचे.

त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणायचे. न्हावी वहिनी म्हणायचा, शाळेच्या बाई वहिनी म्हणायच्या, वयाने त्यांच्याहून कितीतरी मोठे असलेले पोस्टमनही वहिनीच म्हणायचे. मैदा मळणं, भट्टी सांभाळणं आणि काउंटरवर उभं राहणं, या तिन्ही गोष्टी वहिनींनी लग्न होऊन आल्यापासून केल्या होत्या, आणि व्हॅनच्या फक्त मागच्या दाराशी त्यांचा संबंध होता. पाव आत ठेवायचा, दार लावायचं, संपलं.

अडीनडीला धावून आले ते धाकटे भाऊजी, म्हणजे वहिनींचे दीर. माणूस मनाने वाईट नाही, पण सकाळ हा प्रकार त्यांना जन्मात मानवला नव्हता. डोळे चोळत यायचे, चहा घ्यायचे, अजून एक घ्यायचे, आणि पाव दवाखान्यात पोचेपर्यंत पेशंट न्याहारी करून पुन्हा झोपलेले असायचे. दवाखान्याच्या आचाऱ्याने एकदा गोड शब्दांत निरोप पाठवला, मग कडू शब्दांत पाठवला. अशात भाऊजींनीच एक तोडगा काढला. व्हॅन त्यांना द्यावी, बाहेरची गिऱ्हाइकंही त्यांनीच सांभाळावीत, दादा-वहिनींनी नुसतं भाजावं. महिनाअखेर काय ते सांगा, नाहीतर मला दुसरीकडे काम बघायला हवं, असंही त्यांनी वर सांगून ठेवलं.

आज गिऱ्हाइकं गेली की उद्या पाव किती भाजायचा हे भाऊजी सांगणार, आणि परवा तो कुठल्या बेकरीतून घ्यायचा हेही तेच ठरवणार, एवढं समजायला काही फार शिकावं लागत नाही. वहिनींनी मालकांकडे बघितलं. मालक बरणी पुसत होते. मग वहिनींनी हातातला उंडा परातीत टाकला आणि सांगितलं, की गाडी मी शिकते.

सासूबाई म्हणाल्या, शीक, आणि लगेच पुढे म्हणाल्या, पण मी काही तुझ्या गाडीत बसायची नाही. मालक भिंतीकडे बघत म्हणाले, की महिनाअखेरपर्यंत पास झालीस तर व्हॅन घरात राहील, नाहीतर धाकट्याला हो म्हणून टाकतो.

गाडी चालवणं वहिनींना जड गेलं नाही. जी बाई लांब दांड्याचं फावडं धगधगत्या भट्टीत घालून मागच्या कोपऱ्यातला एकच पाव बरोबर उचलून आणते, तिला व्हॅन मागे घेणं काय अवघड? शिकवणारे मास्तर शेजारी बसून डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या म्हणायचे आणि वहिनी घ्यायच्या. मोकळ्या मैदानात आणि मागच्या गल्ल्यांतच सगळं शिक्षण चाललं होतं. मास्तरांचं मत होतं, की बाईंचा हात पक्का आहे, काळजी नाही.

काळजी होती ती चिन्हांची. गाडी चालवून दाखवायच्या आधी लायसन्सच्या ऑफिसात रस्त्यावरच्या चिन्हांची तोंडी परीक्षा व्हायची, आणि त्यात नापास झालेल्याला गाडीपर्यंत जाऊच देत नसत. मास्तरांनी एक पातळसं पुस्तक दिलं होतं. वहिनी ते भट्टीजवळ धरून वाचायच्या, दुपारी आडवं झाल्यावर वाचायच्या, आणि मिटलं की सगळं साफ. लाल गोल, लाल त्रिकोण, निळे गोल, सगळी एका घरातली भावंडं दिसायची. शाळेत असल्यापासून त्यांचं हे असंच होतं. डोळ्यांनी वाचलेलं राहायचं नाही, हातांनी केलेलं विसरायचं नाही. त्या अगदी मेटाकुटीला आल्या.

मग एका सकाळी बिस्किटांचा मैदा लाटताना त्यांच्या हातातलं कातणं आपसूकच त्रिकोणात फिरलं. वहिनींनी त्या त्रिकोणाकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं, आणि ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर चिन्हांचा अख्खा ट्रे होता. लाल कडेचे त्रिकोण, निळ्या आयसिंगचे गोल आणि त्यांवर पांढरे बाण, थांबा म्हणणारी आठ कोनांची लाल बिस्किटं. गतिरोधकाचा उंचवटा भट्टीत आणखी फुगला होता आणि त्यामुळे उलट जास्तच खरा वाटत होता. शाळेच्या चिन्हातल्या दोन मुलांपैकी एकाचा पाय भाजताना मोडला होता. नियम सोपा होता. गिऱ्हाइकाने एक बिस्किट निवडायचं, वहिनींनी अर्थ सांगायचा, गिऱ्हाइकाने पुस्तकात बघायचं. बरोबर आलं तर बिस्किट गिऱ्हाइकाचं, चुकलं तर वहिनींनी ते स्वतः खायचं, म्हणजे जन्माची अद्दल.

पहिल्या आठवड्यात वहिनींनी इतकी बिस्किटं खाल्ली की त्यांची भूकच मेली. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकं वाढली. न्हावी रोज प्रवेश बंद निवडायचा, कारण त्यावर आयसिंग सगळ्यात जास्त. वहिनींनी त्याला सांगून पाहिलं की दुसरं काहीतरी विचार, हे मला झोपेतही येतं, पण तो ऐकेना. पोस्टमन अवघड अवघड शोधून काढायचे आणि वहिनी अडल्या की हळहळायचे. शाळेच्या बाई पाय मोडलेल्या मुलाचं बिस्किट खायला तयार नव्हत्या, आणि इतर कोणी खाल्लेलंही त्यांना बघवत नव्हतं, म्हणून ते ट्रेमध्ये तसंच राहिलं. सासूबाई गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून सुनेच्या चुका मोठ्याने सगळ्यांना सांगायच्या. दुकानात इतकी हसाहशी कित्येक वर्षांत झाली नव्हती. नुसते मालक तेवढे कोपऱ्यात होते, आणि कोणी त्यांना विचारलं तर म्हणायचे, मला काय, मला सगळी पाठ आहेत.

वहिनींनाही सगळी पाठ झाली. नुसतं बोट ठेवायचा अवकाश, उत्तर तोंडावर. डावीकडे वळा, उजवीकडे वळण, पुढे अरुंद रस्ता, सगळं घडाघडा. परीक्षेच्या दिवशी त्या इस्त्रीचं लुगडं नेसून, केस चापून बसवून निघाल्या तेव्हा न्हावी म्हणाला, की वहिनी पास नाही झाल्या तर मी माझा वस्तरा मोडून टाकीन. बरं झालं, त्याला कोणी पुढे त्याची आठवण करून दिली नाही.

परीक्षा घेणाऱ्या बाई तरुण होत्या, कडक होत्या, आणि त्यांच्या हातात चिन्हांच्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा होता. त्या एकेक पुठ्ठा वहिनींच्या समोर उभा धरायच्या. गतिरोधक, बरोबर. शाळा, बरोबर. घसरता रस्ता, तोही बरोबर. मग निळ्या गोलात पांढरा बाण आला आणि वहिनी छातीठोकपणे म्हणाल्या, उजवीकडे वळा. बाईंनी पुठ्ठा स्वतःकडे वळवून बघितला, खाली ठेवला आणि पुढचा काढला. डावीकडे वळण, वहिनी म्हणाल्या. बाईंनी तोही खाली ठेवला. पुढचा बाण सरळ वर जाणारा होता. वहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या. हा बाण त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मग खाली टोक असलेला रिकामा त्रिकोण आला, आणि तोही त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्यांच्या ओळखीच्या रिकाम्या त्रिकोणाचं टोक वर असायचं.

शेवटी बाईंनी गठ्ठा बाजूला सारला. त्यांचा आवाज आता तितका कडक राहिला नव्हता.

“काकू, तुम्ही हे शिकलात तरी कुठे? चित्रं एकूणएक बरोबर आहेत, आणि दिशा एकूणएक उलट्या. एवढं नेमकं चुकायलाही अभ्यास लागतो.”

पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला सांगून बाईंनी वहिनींना वाटेला लावलं. पुढचा आठवडा म्हणजे महिन्याचा शेवटचाच. त्यानंतर भाऊजींना उत्तर द्यायचं होतं.

घरी येताना वहिनींचा चेहरा एवढासा झाला होता. एरवी त्या मागच्या दाराने भट्टीच्या बाजूने आत यायच्या, पण मागच्या दाराशी भाऊजींनी व्हॅन लावली होती आणि त्यांना भाऊजींसमोर जायचं नव्हतं. म्हणून त्या समोरून, गिऱ्हाइकांसारख्या दुकानात शिरल्या. दुकानात गर्दी नव्हती. काउंटरवर सकाळचा ट्रे होता तसाच होता. वहिनी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, सवयीने एका बाणावर बोट ठेवलं, आणि त्यांचं बोट तिथेच थांबलं. त्यांचा डावीकडचा बाण उजवीकडे होता, उजवीकडचा डावीकडे. रिकामा त्रिकोण टोकावर उभा होता, अगदी बाईंच्या पुठ्ठ्यावर होता तसाच.

लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी त्यांना पहिल्यांदा काय शिकवलं असेल तर ते हेच, की माल नेहमी गिऱ्हाइकाकडे तोंड करून मांडायचा. केकवरची अक्षरं गिऱ्हाइकाला सरळ दिसली पाहिजेत, दुकानदाराला उलटी दिसली तरी चालतं. वहिनींच्या हातांनी हा धडा इतका पचवला होता, की रोज सकाळी त्यांनी चिन्हांचा ट्रेसुद्धा न चुकता गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला, आणि स्वतः पलीकडे उभ्या राहून सगळं शास्त्र उलटं पाठ केलं. गिऱ्हाइकं पुस्तकात बघून ज्याला डावा म्हणायची, तो बाण त्यांना पलीकडून उजवीकडे जाताना दिसायचा, आणि तसाच तो डोक्यात बसला. बिस्किटं करताना तरी लक्षात यायला हवं होतं, पण तेव्हा सगळा जीव रंग कडेबाहेर सांडू नये यात अडकलेला. पाठांतर व्हायचं ते काउंटरवरच.

वहिनींना हसू आलं. आधी त्यांनी ते दाबलं, मग काउंटरला धरून त्या पोट दुखेपर्यंत हसल्या. सासूबाईंना वाटलं सून पास झाली, आणि त्यांनी आतून साखर आणायला सांगितली. सून नापास होऊन हसतेय हे कळल्यावर त्यांनी मालकांना हाक मारली.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. ते हसले नाहीत. आता पुरे कर, धाकट्याला सांगून टाकतो, असं म्हणाले. पण वहिनी एव्हाना काउंटरच्या बाहेरच्या बाजूला पाय रोवून उभ्या होत्या, आणि तिथून हलायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. आठवडा आहे अजून, त्या म्हणाल्या. मी इथे उभी राहते. आत दुसरं कोणीतरी लागेल.

दुसरं कोणी म्हणजे मालकच. इतक्या वर्षांत मालक एखाद्या वेळीच काउंटरमागे उभे राहिले असतील. पहिल्या दिवशी त्यांनी पोस्टमनांना न्हाव्याचे टोस्ट दिले आणि न्हाव्याला काहीच दिलं नाही. पण पोस्टमनांनी जाताजाता दवाखान्याच्या आचाऱ्याची चौकशी केली, मालकांनी त्या आचाऱ्याची एक जुनी गंमत सांगितली, आणि गिऱ्हाइकं पाव घेऊनही जागची हलेनात. वहिनी गिऱ्हाइकांत उभ्या राहून हे बघत होत्या. आपला नवरा बोलत असताना समोरून कसा दिसतो हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

दुपारी दुकान शांत झालं की मालक एकेक बिस्किट उचलून उभं धरायचे आणि वहिनी उत्तर द्यायच्या. सुरुवातीला जिभेवर उलटंच यायचं. शिकलेलं विसरायचं आणि मग पुन्हा शिकायचं, म्हणजे मळलेल्या कणकेतून मीठ वेगळं काढण्यासारखं होतं. वहिनींच्या नाकी नऊ आले. तरी रोज थोडं थोडं सरळ होत गेलं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी त्यांची एकही चूक झाली नाही. मालकांनी शेवटचं बिस्किट हातात धरलं, वहिनींनी पुढे डावीकडे वळण म्हणून सांगितलं, आणि तरी मालकांनी ते खाली ठेवलं नाही.

“तू पास झालीस म्हणजे मी काय करायचं?” त्यांनी विचारलं.

वहिनी काउंटरला टेकल्या, आणि मालकच पुढे बोलले.

“धाकटा गाडी नेतो तेव्हा वाटतं, दिलीये चार दिवस उसनी. तू नेलीस की कळेल, की आता ती माझी नाही. म्हणून मी त्याला हो म्हणत होतो. बाहेरच जाऊ दे, डोळ्यांसमोर नको.”

वहिनींना राग आला आणि नवऱ्याची कीवही आली, दोन्ही एकदमच. आपण इतके दिवस उलटं पाठ करत होतो, पण हे तर आपण पाहिलंच नव्हतं, हे त्यांना लागलं. उद्या मुद्दाम चुकावं असा एक विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो तिथल्या तिथे झटकला. चुकून यांचे डोळे थोडेच परत येणार होते?

“आणखी एकदा पहिल्यापासून विचारा,” एवढंच त्या म्हणाल्या. मालकांनी पहिल्यापासून विचारलं.

परीक्षेच्या बाईंनी या वेळी सुरुवातच बाणांनी केली. पहिल्या बाणाला वहिनींच्या जिभेवर जुनं उत्तर आलंच होतं. त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या, समोर नवऱ्याचा हात पाहिला आणि मग बोलल्या. त्यानंतर अडल्या नाहीत. रिकामा त्रिकोण बघून तर त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आधी दुसऱ्याला जाऊ द्या, त्या म्हणाल्या, आणि बाईंनी गठ्ठ्याला रबर लावलं. गाडीची परीक्षा म्हणजे हातचा मळ होता.

भाऊजींना बातमी सांगताना वहिनी जरा बिचकत होत्या. पण उद्यापासून सकाळी उठायचं नाही हे ऐकल्यावर भाऊजींचा चेहरा असा खुलला, की त्यांनीच वहिनींचं तोंड भरून कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मालकांनी पावाचे ट्रे व्हॅनमध्ये भरले. वहिनी भरतात तसेच भरले, दार लावलं, नीट लागलंय ना ते ओढून पाहिलं आणि पायरीवर जाऊन उभे राहिले. वहिनींनी गाडी सुरू केली, पण हलवली नाही. परवा दुपारपासून त्या मालकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होत्या, आणि ते आत्ता, चावी फिरवल्यावर सापडलं. जिथे निघालोय तिथलं एकही माणूस आपल्या ओळखीचं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी वाकून पलीकडचं दार उघडलं.

“बसा.”

“मी कशाला? तुला आता सगळं येतं.”

“मला रस्ता येतो. दवाखान्याचं मागचं दार कोण उघडतं, हॉस्टेलवर पाव कुणाच्या हातात द्यायचा, आचारी रुसला असेल तर त्याला कसं हसवायचं, हे कुठल्या बोर्डावर लिहिलेलं असतं? बसा, पाव गार होतोय.”

मालकांनी मागे वळून पाहिलं. काउंटरवर सासूबाई येऊन बसल्या होत्या आणि त्यांनी हातानेच जा जा केलं. मालक बसले.

चौकात मालकांनी पूर्ण मान वळवून उजवीकडे बघितलं, मग पूर्ण मान वळवून डावीकडे. वहिनींनी स्वतःही बघितलं आणि मग गाडी पुढे घेतली. दवाखान्याच्या मागे गाडी थांबली तेव्हा आचारी कमरेवर हात ठेवून दारातच उभा होता, भांडायच्या तयारीत. गाडीतून उतरणारे मालक दिसले आणि त्याचे हात खाली आले.

“होतात कुठे इतके दिवस, मालक?”

मालकांनी तोंड उघडलं. डोळ्यांच्या डॉक्टरपासून सुरुवात झाली, मग बोट आलं, मग भाऊजी, मग बिस्किटं. आचाऱ्याने आतल्या माणसांनाही बाहेर बोलावलं. पाव आत गेला, रिकामे ट्रे परत आले, तरी मालकांची गोष्ट अजून वहिनींच्या पहिल्या परीक्षेपर्यंतच पोचली होती आणि माणसं हसून हसून भिंतीला टेकली होती. तिकडे हॉस्टेल वाट बघत होतं. वहिनींचा हात हॉर्नकडे गेला, तेवढ्यात समोरच्या भिंतीवरचा हॉर्न वाजवण्यास मनाई असलेला बोर्ड त्यांना दिसला. त्या खाली उतरल्या आणि मालकांची बाही धरून त्यांना गाडीपर्यंत घेऊन आल्या. मालक दार लावेपर्यंत मागे बघून बोलतच होते.